चाकात हवा कमी आहे

बाबा, माझे डोळे चालले. तुमचे गेले तसेच, कडेकडून सुरू होऊन आत. दिवसा, अगदी समोरचं, अजून नीट दिसतं, म्हणून हे दुपारी खिडकीशी बसून लिहितो आहे. ऊन भिंतीवरून उतरलं की थांबावं लागेल. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. तुम्हाला पत्र लिहायची सवय नाही. आपल्या घरातून पत्रं जायची ती फक्त वर्ध्याला, काकांना, आणि त्यांत 'इकडे सर्व ठीक' यापलीकडे काही नसायचं. सर्व ठीक नसतानाही तेच असायचं. या पत्राने घराण्याची रीत मोडते आहे, मोडू दे. हे दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही, आणि तुम्ही निदान 'चष्मा बदलून पाहा' असं तरी म्हणणार नाही.

सुरुवात अगदी फालतू गोष्टींनी झाली. एका लग्नाच्या मांडवात मी एका म्हाताऱ्या बाईंच्या पायावर पाय दिला. ऑफिसातून येताना अधारतालच्या रस्त्यावर एक हातगाडी कुठूनशी एकदम समोर उगवली आणि गाडीवाला उलट मलाच म्हणाला, "देख के चलो भैया, अंधे हो क्या?" मी त्याच्याशी भांडलोसुद्धा. तुमची सून म्हणाली वय झालं, मी म्हटलं तुझं झालं असेल. शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्याने डोळ्यांत औषध घातलं, बराच वेळ बसवून ठेवलं, मग आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "घर में किसी को रतौंधी थी? शाम के बाद दिक्कत?" रतौंधी म्हणजे आपला रातांधळेपणा. मी म्हटलं, नाही, वडिलांना फक्त मोतीबिंदू होता. सगळ्यांना आपण तेच सांगितलं होतं ना. मग तो समजावू लागला की हा पडद्याचा आजार आहे, रक्तातून येतो, हळूहळू सरकतो. ऑपरेशन? नाही. थेंब? नाही. चांगला माणूस होता, खोटा धीर दिला नाही. उठताना मात्र त्याने विचारलं, "बच्चे हैं?" एक मुलगी आहे म्हटल्यावर म्हणाला, तिचे डोळे एकदा तपासून घ्या. हो म्हणून मी बाहेर आलो. जिन्यात अंधार होता. मी कठडा धरला, उजवा पाय पुढे काढून पायरीची कड चाचपली, मग अंगाचा भार टाकला, आणि तिथेच थांबलो. ती पाय चाचपायची तऱ्हा तुमची होती. मोतीबिंदूचं वय व्हायच्या कितीतरी आधीची, मी शाळेत होतो तेव्हाची. म्हणजे मोतीबिंदू नव्हता तो, बाबा. निदान नुसता मोतीबिंदू नव्हता.

तेव्हापासून आपले रविवार डोक्यातून जात नाहीत. फॅक्टरीच्या क्वार्टरमधून निघायचं, मदन महालच्या टेकडीला वळसा घालायचा, आणि वस्ती संपली की लम्हेटाकडे जाणारा कच्चा रस्ता. आधी गिट्टी, म्हणजे खडी, मग मुरूम, मग नर्मदेजवळ गेलं की चाक धरून ठेवणारी बारीक माती. तुम्ही तुमच्या काळ्या सायकलवर, मी भाड्याच्या छोट्या सायकलवर. दोन्ही बाजूंना मटरचे मळे, टेकाडांवर सीताफळांची झुडपं. घाटावर गोवऱ्या पेटवून तुम्ही कणकेचे गोळे भाजायचात. आपले रोडगेच ते, पण इथल्या लोकांच्या तोंडी गक्कड, म्हणून आपणही गक्कडच म्हणायचो. वांगं भाजायचं, त्यात मिरची-लसूण कुटायचा, आणि खाता खाता तुम्ही दर थोड्या वेळाने सूर्याकडे पाहायचात. मला वाटायचं सूर्य पाहायला आवडतो तुम्हाला. परतताना मला पुढे घालायचात. "तू पुढे चाल. घंटी वाजवत राह्य." मला ती बढती वाटायची. मी इतकी घंटी वाजवायचो की मळ्यातली माणसं माना वर करून हसायची. आणि उशीर झालाच तर तुम्ही मध्येच उतरायचात, वाकून चाक दाबून पाहायचात आणि म्हणायचात, "हवा कमी आहे चाकात. चल, पायीच जाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चाकांवर, पंप न मारता, ड्यूटीला जायचात. मी विचारलं नाही. बाप म्हणतो हवा कमी, म्हणजे कमी.

एका संध्याकाळी वळणापुढे तारेवर नीलकंठ पक्षी बसलेला दिसला. दसऱ्याला तो दिसला की शुभ, असं आई सांगायची, म्हणून मी सायकल थांबवून बघत उभा राहिलो. घंटी अर्थातच थांबली. मागून तुम्ही आलात ते थेट माझ्या मागच्या चाकावर, आणि पडता पडता उभे राहून माझ्या मुस्काटात मारलीत. "काहून थांबला रे? सांगितलं होतं न, घंटी बंद नाही करायची? समजून नाही राहिलं का तुले?" तुम्ही मला मारलं ते तेवढंच. मला फार लागलं, गालापेक्षा मनाला, कारण एवढं काय झालं तेच कळेना. तुमचा आवाज कापत होता. मला वाटलं रागाने कापतो आहे. मी कितीतरी वर्षं तुमच्यावर त्या एका थपडेचा राग धरून होतो. आता तो राग ठेवायलाही जागा उरली नाही.

एकदा धागा हाती लागल्यावर सगळंच उसवत गेलं. फॅक्टरीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, आणि थंडीत त्या वेळेला दिवस मावळलेला असायचा. मी फाटकासमोरच्या पुलियावर, त्या छोट्या पुलावर, बसून तुम्हाला शोधायचो. बाकीचे लोक लोंढ्याच्या कडेने, मोकळ्या जागेतून पुढे सटकायला बघायचे. तुम्ही कायम मधोमध, चारी बाजूंनी माणसं, कुणाच्या तरी मागच्या चाकाला चिकटून. तुमचे मित्र चिडवायचे, पाटीलसाहेब वरात घेऊन चालले. तुम्ही हसायचात. तुम्हाला रस्ता नव्हता दिसत, तुम्ही माणसांवरून चालत होता. कुणाला सांगितलं असतं तर मशीनवरून काढून कुठल्यातरी बाकावर बसवलं असतं, आणि क्वार्टरभर झालं असतं की यांच्या घरात डोळ्यांचं आहे. आईला ठाऊक होतं, हे मला आता कळतं. दर दिवाळीला ती ओट्याच्या पायऱ्यांच्या कडांना चुन्याचा पट्टा ओढायची, शोभेला म्हणून. आपल्या स्वयंपाकघरात पाट हलवलेला तिला चालायचा नाही. पाण्याचा पेला कायम तुमच्या उजव्या हाताला, मीठ डावीकडे, आणि कुणी इकडचं तिकडे केलं तर ती असं ओरडायची की पाहुणेसुद्धा घाबरायचे. आम्ही म्हणायचो, आई फार शिस्तीची.

आणि ते चिंचोके. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी तुम्ही मूठभर चिंचोके अंगणात फेकायचात आणि म्हणायचात, "वेच पाहू सगळे. बत्ती नाही लावायची." मी पाखरासारखा वेचून आणायचो. तुम्ही ते ओंजळीत घेऊन बोटांनी मोजायचात, आणि सगळे भरले की दुसऱ्या दिवशी कमानिया गेटवरून खव्याची जलेबी यायची. काळी, गरम, कागदाला तूप सुटलेली. आई म्हणायची, पोराचे उगाच लाड. मला तो खेळ वाटायचा, आणि असा खेळ की ज्यात मी कधी हरलो नाही. मी सुटलो, अशी तुमची खात्री झाली असणार. तुम्ही ती खात्री घेऊनच गेलात. ते बरं झालं. हा आजार माझ्या अंगात उशिरा उठला, एवढाच काय तो त्या चिंचोक्यांचा अर्थ होता.

आता तुमच्या नातीचं सांगतो. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती नाशिकला नोकरी करते. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र अर्धी, आणि वाचायची म्हटली की जांभया देते. तिला सायकलचं वेड आहे, आणि तेही कसलं, तर चांगले डांबरी रस्ते सोडून मुद्दाम गिट्टीवरून, मातीतून चालवायचं. त्याला आता ग्रॅव्हल बाइक म्हणतात. जाड टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. आपण रस्ता नव्हता म्हणून मुरमातून जायचो, ही पोरं रस्ता असताना जातात. सुट्टीच्या दिवशी ती तिकडच्या लोकांबरोबर द्राक्षांच्या मळ्यांमधून, टेकड्यांवरून भटकते. खाली गोदावरीचं खोरं, वर वेलींच्या रांगा, असे फोटो पाठवते. मागच्या वर्षी तिने नवी सायकल घेतली आणि आपली जुनी पार्सलने मला पाठवून दिली. "पापा, चालवा. घुटने चांगले राहतात." तिच्या डोक्यात एक मोठा बेत आहे, आपण दोघांनी मिळून नर्मदेच्या काठाकाठाने, शेतातल्या वाटांनी, पार खालपर्यंत जायचं. मी त्या सायकलला घंटी नाही म्हणून तिची पुष्कळ थट्टा केली. एवढी भारी चीज आणि टिणटिण नाही.

पण एक गोष्ट होती, बाबा. ती फक्त सकाळी जायची. संध्याकाळी कुणी बोलावलं तर जायची नाही. आणि एकदा फोनवर हसत हसत म्हणाली, "अरे पापा, कमाल झाली. संध्याकाळी द्राक्षाच्या मळ्यात घुसले सरळ. तार दिसलीच नाही मला. सगळ्यांना दिसली." मी हसलो नाही. डॉक्टरचं बोलणं तिला सांगायला हवं होतं. दर रविवारी फोन यायचा, मी मनात वाक्य जुळवून ठेवायचो, आणि मग भाजी काय केली ते विचारायचो. मग ती दिवाळीला आली, आणि मी ते केलं जे तुम्ही केलं होतं. सांगितलं नाही. चिंचोके फेकले.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल, लम्हेटाला जाऊ. तिला तिनेच पाठवलेली चांगली सायकल दिली, मी माझी ऑफिसची जुनी काळी घेतली. तुमची सून दारात म्हणाली, "उजेडात या परत," आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. जाताना काय ऊन होतं! गावाकडचा अर्धा रस्ता आता डांबरी झाला आहे, पण पुढे तोच मुरूम, आणि मटर फुलावर आलेला. पोरगी सुसाट पुढे जायची, मग थांबून ओरडायची, "पापा, ही जागा तर नाशिकपेक्षा बढिया आहे! तुम्ही कधी सांगितलं नाही?" घाटावर मी गक्कड भाजले. एक बाजू जळली. ती म्हणाली जळलेलंच चांगलं लागते. मी खात होतो आणि तुमच्यासारखा सूर्याकडे पाहत होतो, फक्त उलट कारणासाठी. तो खाली जायची वाट पाहत होतो. ती म्हणाली, "चलो पापा, निघू न आता." मी म्हटलं, बस जरा, चहा घेऊ. चहा झाल्यावर म्हटलं, आरती बघू. तिने पुन्हा म्हटलं, निघू न, या वेळी हळू आवाजात. मी ऐकलं नाही. एवढा निर्दयपणा माझ्यात कुठून आला कोण जाणे, पण मला बघायचंच होतं. ती पुढे सुटली, नेहमीसारखी, तर प्रश्न मिटला. मी मागे धडपडलो असतो, पडलो असतो, हातपाय मोडला असता तरी कमानिया गेटवर जाऊन जलेबी आणली असती.

नदी काळी झाली तेव्हा निघालो. दोन्ही सायकलींना दिवे होते. दिव्याने काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढे उजेडाची एक थाळी पडते आणि थाळीबाहेर जग नसतं. मी म्हटलं, "तू पुढे हो." ती सायकल धरून उभीच राहिली. मी परत म्हटलं, तुझा दिवा मोठा आहे, हो पुढे. ती म्हणाली, "नाही पापा, तुम्ही चला न पुढे. माझ्याला तर घंटी पण नाही." मी पायडलवर पाय ठेवला. मागून तिचा आवाज आला, लहानपणी कडेवर घे म्हणायची त्या आवाजातला, "पापा, घंटी वाजवत रहा न. बंद नका करू."

मी वाजवली. दुसरं काय करणार? थाळीएवढ्या उजेडात मी पुढे, गिट्टी चुकवायची सोडून गिट्टीवरूनच जात, आणि मागे टायरखाली मुरूम करकरतो आहे तो तिचा. ती अगदी माझा माग काढत येत होती. मी डावीकडे गेलो की करकर डावीकडे. मला वाटलं थांबावं आणि तिला जवळ घ्यावं, पण थांबलो असतो तर ती माझ्या चाकावर येऊन आदळली असती, म्हणून थांबायच्या आधी मी जोरात ओरडलो, "थांबतो आहे गं!" उतरलो. वाकून पुढचं चाक दाबलं. ते घट्ट होतं. मी म्हटलं, "हवा कमी आहे चाकात. पायीच जाऊ." ती लगेच उतरली. "हो पापा. माझ्याही मध्ये कमीच वाटून राहिली." तिने चाकाला हातसुद्धा लावला नव्हता.

मग आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत राहिलो. मध्ये एक मोटरसायकलवाला थांबला, मागे मटरचं बी का खताचं पोतं होतं. "क्या हुआ दीदी? पंचर?" ती माझ्याआधी बोलली. "नहीं भैया, हवा कम है. दोनों में." तो म्हणाला, पुढे नाक्यावर पंप आहे. तो गेल्यावर त्याच्या दिव्याने पांढरे झालेले डोळे परत जागेवर यायला आम्हा दोघांनाही सारखाच वेळ लागला. तिने मोबाइलची बत्ती लावली, मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कोण कुणाला धरून होतं ते सांगता येणार नाही. घरी तुमची सून फाटकाबाहेर उभी होती. जेवायला बसलो तेव्हा माझा पेला उजव्या हाताला होता. तो तिथे कधीपासून असतो हे मी तिला विचारलेलं नाही.

पोरगी परवा नाशिकला गेली. स्टेशनवर म्हणाली, "पुढच्या साली नर्मदेची राइड पक्की, पापा." मी म्हटलं, पक्की. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. सांगेन, या रविवारी सांगेन. सांगून तरी काय देणार आहे तिला? एक आजाराचं नाव, आणि त्याला औषध नाही ही माहिती. तिची सायकल व्हरांड्यात आहे. ती गेल्यावर मी तिचं मागचं चाक दाबून पाहिलं, मग पुढचं. दोन्ही दगडासारखी.

ऊन भिंतीच्या खाली आलं आहे. एक राहिलं, तेवढं सांगतो आणि कागद घडी करून ठेवतो. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि तिला मी हे वाचून दाखवणार नाही. त्या संध्याकाळी तिने घंटी वाजवत राहायला सांगितलं तेव्हा तिचंही तेच आहे हे मला कळलं, आणि मागाहून फार वाईटही वाटलं, हे तर झालंच. पण त्याच्याही आधी, अगदी आधी, मागे तिच्या चाकाची करकर ऐकताना, मला बरं वाटलं होतं, बाबा. या अंधारात मी एकटा नाही म्हणून.